संशयित म्हणजे रुग्ण नव्हे! हिंगोलीची 'संजीवनी' आणि कर्करोग प्रबोधनाची वाटचाल

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे नागनाथाचे मंदिर, महाशिवरात्रीची यात्रा आणि संत नामदेव-विसोबा खेचर यांच्या भेटीची आख्यायिका ही औंढा नागनाथची महाराष्ट्राला असलेली ओळख. हा तालुका ज्या हिंगोली जिल्ह्यात मोडतो, तो जिल्हा मार्च २०२५ मध्ये मात्र एका वेगळ्याच आकड्यामुळे राज्यभर चर्चेत आला. जिल्हा प्रशासनाने महिलांसाठी हाती घेतलेल्या 'संजीवनी' मोहिमेत १४ हजार ५०० हून अधिक महिलांमध्ये कर्करोगासारखी लक्षणे आढळल्याची माहिती राज्याचे आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधानसभेत दिली. हा आकडा कानी पडताच एकाच जिल्ह्यात साडेचौदा हजार महिलांना कर्करोग झाला की काय, असा समज होणे स्वाभाविक होते.

वस्तुस्थिती तशी नाही. या मोहिमेत सुमारे २ लाख ९३ हजार महिलांकडून लक्षणांविषयीची प्रश्नावली भरून घेण्यात आली. त्यातील १४ हजार ५४२ महिलांच्या उत्तरांत संशयास्पद लक्षणांचा उल्लेख आढळला. पुढील तपासण्यांतून तोपर्यंत निदान निश्चित झालेल्या महिलांची संख्या होती अवघी १२. त्यांपैकी आठ जणींना तोंडाचा, तिघींना गर्भाशयमुखाचा आणि एकीला स्तनाचा कर्करोग होता.

म्हणजे प्रश्नावली भरणाऱ्या दर वीस महिलांमागे एकीला पुढील तपासणीची गरज होती आणि अशा सुमारे बाराशे महिलांमागे एकीचे निदान तोवर झाले होते. पहिला आकडा घबराट निर्माण करणारा, तर दुसरा 'एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला' असे वाटायला लावणारा. कर्करोगाविषयीचे प्रबोधन या दोन टोकांच्या मधल्या वाटेने न्यावे लागते. ती वाट महाराष्ट्राने गेल्या काही दशकांत कशी शोधली आणि ती अजून कोठे अडते, याचा हा आढावा.

प्रश्नावली ही चाळणी

धान्य पाखडताना सुपात आधी सर्व काही येते. खडे वेगळे करण्याचे काम नंतरचे. प्रश्नावलीचे कामही असेच आहे. 'तोंडात बरी न होणारी जखम आहे काय', 'स्तनात गाठ जाणवते काय', 'पाळी नसताना रक्तस्राव होतो काय' अशा प्रश्नांना 'होय' असे उत्तर देणाऱ्या महिलांपैकी बहुसंख्य महिलांना कर्करोग नसतो. अंगावरून पांढरे जाण्यामागे साधा जंतुसंसर्ग असू शकतो. स्तनातील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तोंडातील जखम तुटलेल्या दाताच्या घर्षणानेही होते.

तरीही या प्रश्नांचे मोल मोठे आहे. ग्रामीण भागातील स्त्री अशी दुखणी महिनोन् महिने अंगावर काढते आणि ती कोणापाशी बोलून दाखवत नाही. घरी आलेली आशा कार्यकर्ती हे प्रश्न विचारते, तेव्हा कित्येकींना त्याविषयी बोलण्याची पहिली संधी मिळते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या प्राथमिक तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हावी, असे त्यांत सुचविले आहे. प्रत्यक्षातील चित्र फारसे आशादायक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ या वयोगटातील केवळ १.९ टक्के भारतीय महिलांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी करून घेतली होती. स्तन आणि तोंडाच्या तपासणीचे प्रमाण तर प्रत्येकी ०.९ टक्केच होते.

या पार्श्वभूमीवर एका मागास समजल्या जाणाऱ्या जिल्ह्यात जवळपास तीन लाख महिलांपर्यंत पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र मोहिमेचे खरे यश संशयितांच्या आकड्यावर ठरत नाही. त्या साडेचौदा हजारांपैकी किती जणी डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या, किती जणींना 'काळजीचे कारण नाही' हे निश्चितपणे सांगितले गेले आणि ज्यांना आजार होता त्यांचे उपचार पूर्ण झाले काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरते.

मेहेरबाईंच्या आजारातून उभे राहिलेले रुग्णालय

महाराष्ट्रातील कर्करोगविरोधी कार्याचा आरंभ एका घरातील दुःखातून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे टाटा ट्रस्टच्या पुढाकाराने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना केली. रुग्णालयाच्या भिंतींबाहेर जाऊन लोकांना या रोगाची माहिती देणे हे या संस्थेच्या मुख्य कामांपैकी एक. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. कोणत्या वस्तीत, कोणत्या वयात, कोणता कर्करोग किती होतो हे समजल्याखेरीज प्रबोधनाची दिशा ठरत नाही.

त्यानंतरच्या काळात रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्या संस्था पुढे आल्या. १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, तर १९९४ मध्ये स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांची व्ही केअर फाउंडेशन ही संस्था मुंबईत उभी राहिली. बरा झालेला माणूस समोर येऊन बोलतो, तेव्हा 'कॅन्सर म्हणजे मरण' या समजाला जो तडा जातो तो कोणत्याही भित्तिपत्रकाने जात नाही, हे या संस्थांच्या कामातून दिसून आले. मात्र हे सारे दीर्घकाळ महानगरापुरतेच राहिले. परळपासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या औंढ्याच्या रुग्णाला 'टाटा'ची वाट अखेरच्या टप्प्यातच सापडे आणि मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार घ्यावा लागे.

बार्शीने दाखविलेला मार्ग

ग्रामीण महाराष्ट्रात हे चित्र बदलण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. येथे एक अडचण उभी राहिली. खेड्यातील रुग्ण रुग्णालयात येतच नाही, मग नोंद कोणाची करायची? त्यासाठी नोंदणी कर्मचारी गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, दाई आणि गावातील जाणत्या मंडळींशी बोलू लागले. धोक्याची लक्षणे कोणती, ती दिसताच कोठे जावे, हे ते गावकऱ्यांना समजावून सांगत. हे कर्मचारी डॉक्टर नव्हते.

या साध्या संवादाचा परिणाम मोजताही आला. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात होऊ लागल्याचे दिसून आले. कोणतेही महागडे यंत्र न आणता केवळ माहिती पोहोचविल्याने रुग्ण लवकर येऊ लागले, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात जगभर गाजलेला अभ्यास झाला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिलांचा समावेश होता. त्यांची चार गटांत विभागणी करून तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या करण्यात आल्या. डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार, एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. चौथ्या गटातील महिलांना मात्र केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली, तपासणी नव्हे. त्यावरून या अभ्यासाच्या नैतिकतेवर पुढे टीकाही झाली. प्रबोधन करायचे आणि तपासणीची सोय मात्र द्यायची नाही, हे कितपत योग्य, हा त्या टीकेचा गाभा होता. तो प्रश्न आजच्या प्रत्येक मोहिमेलाही लागू पडतो.

दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांची कामगिरी

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियल रुग्णालयाने असाच एक दीर्घ अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिला त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविका दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. त्यांनी वापरलेली पद्धत अत्यंत स्वस्त. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचे द्रावण लावून मिनिटभर थांबायचे. दोष असलेला भाग पांढरा दिसू लागतो. 'व्हीआयए' या नावाने ही तपासणी ओळखली जाते. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याउलट उस्मानाबादच्या अभ्यासात ही तपासणी एकदाच झाली होती आणि तेथे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती. एकदा शिबिर भरवून थांबणे पुरेसे नाही, असा बोध यातून घेता येतो.

याच महिलांची स्तनतपासणीही आरोग्यसेविका हाताने करीत. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील महिलांत मात्र असा लाभ दिसला नाही. मोहिमांची आखणी करताना हा बारकावा ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील 'प्रोमोतोरा'

आपल्याच माणसाने, आपल्याच भाषेत सांगितलेली गोष्ट पटते, हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या समाजातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण तेथील श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षा अधिक आहे. भाषेची अडचण, आरोग्य विम्याचा अभाव, रोजंदारी बुडण्याची धास्ती आणि संकोच ही त्यामागची काही कारणे. तेथे 'प्रोमोतोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्याच वस्तीतील प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन माहिती देतात, तपासणीची वेळ ठरवून देतात आणि गरज पडल्यास सोबतही जातात. आपल्याकडील आशा कार्यकर्तीशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते. त्यांच्या कामातील 'सोबत जाणे' हा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण संशयित महिला हरवते ती नेमकी घर आणि रुग्णालय यांच्या दरम्यान.

भीतीचा गैरवापर

मराठवाड्यात कर्करोगाविषयी बोलताना आणखी एक भान ठेवावे लागते. येथे अज्ञानाइतकेच नुकसान भीतीनेही केले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. त्यानंतर झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर कापली जाणारी मजुरी, फडावर स्वच्छतागृहांचा अभाव अशी अनेक कारणे पुढे आली. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे सांगितले गेल्याचेही कित्येक महिलांनी नमूद केले. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवर त्यानंतर घालण्यात आले.

म्हणूनच 'तुमच्यात कर्करोगासारखी लक्षणे आहेत' एवढेच सांगून एखाद्या महिलेला घरी पाठविणे धोक्याचे आहे. पुढे कोठे जायचे हे तिला ठाऊक नसेल, तर एक तर ती भीतीपोटी गप्प बसेल, किंवा कोणीतरी त्या भीतीचा मोबदला वसूल करील. गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व दोष बहुधा गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो. त्यासाठी गर्भपिशवी काढावी लागत नाही. विषाणूची लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे पंधरा-वीस वर्षे जातात. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही आणि तपासणी टाळण्याचेही नाही.

बारापैकी आठ तोंडाचे

हिंगोलीत निदान झालेल्या १२ महिलांपैकी आठ जणींना तोंडाचा कर्करोग होता, याकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. तंबाखू हा पुरुषांचा प्रश्न, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात दात घासण्याच्या निमित्ताने मिशरी लावण्याची सवय कित्येक स्त्रियांना असते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड व्यसन म्हणून गणलीच जात नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के, तर चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मात्र मिशरीची डबी माजघरात असते; तेथवर कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आशाताईचे शब्दच पोहोचू शकतात.

उपचारांची वाट

१ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. कर्करोगाच्या संपूर्ण उपचारांसाठी येथील रुग्णाला आजही प्रामुख्याने बाहेरच्या शहरांवर विसंबावे लागते. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय हा मराठवाड्याचा मोठा आधार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश असून, दर वर्षी प्रत्येक कुटुंबास पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' कागदपत्रांसाठी साहाय्य करतात. उपचार मोफत झाले तरी प्रवास, मुक्काम आणि बुडणारी मजुरी यांचा भार मात्र कुटुंबावरच पडतो. उपचार अर्धवट सुटण्यामागे बहुधा हाच खर्च असतो.

प्रतिबंधाच्या आघाडीवर लसीचा पर्यायही आता उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली 'सर्व्हाव्हॅक' ही एचपीव्ही प्रतिबंधक लस २०२३ मध्ये बाजारात आली. ती किशोरवयात, विषाणूची लागण होण्यापूर्वी घेतल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आखलेल्या धोरणानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ७० टक्के महिलांची तपासणी आणि आजार आढळलेल्या ९० टक्के महिलांवर उपचार हे उद्दिष्ट आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी करावीच लागते, हेही सांगितले गेले पाहिजे.

ही लक्षणे अंगावर काढू नका

- तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे.
- स्तनात किंवा काखेत गाठ, विशेषतः न दुखणारी. स्तनाग्रातून रक्त येणे, कातडी आत ओढली जाणे.
- शरीरसंबंधांनंतर, दोन पाळ्यांच्या मधल्या काळात किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव.
- यांपैकी काहीही आढळल्यास प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे.
- बायोप्सीचा अहवाल येईपर्यंत कर्करोगाचे निदान निश्चित मानू नये. 'कॅन्सर होईल' एवढ्याच कारणावरून गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.

हिंगोलीच्या मोहिमेने दुखणे बोलून दाखविण्याचा मार्ग मोकळा केला, हे तिचे श्रेय निश्चितच आहे. आता त्या १४ हजार ५४२ महिलांपैकी प्रत्येकीला स्पष्ट उत्तर मिळाले पाहिजे. बहुतेकींसाठी ते 'तुम्हाला कर्करोग नाही' असेच असेल. हे वाक्य वेळेवर आणि खात्रीने सांगणे, हाही कर्करोग प्रबोधनाचाच भाग आहे.